आवाजासकट माणूस

कोल्हापुरात मुबशिरा नदाफ ही बाई रस्त्यानं चालली की माणसं उगाच केसांवरून हात फिरवतात. रिक्षावाला छाती पुढं काढतो, भाजीवाली पदर सारखा करते, आणि बँकेतला एरवी मान वर न करणारा कॅशियर तिच्यासाठी मान वर करून जरा तिरकी धरतो. त्याची डावी बाजू चांगली दिसते असं त्याला कुणीतरी सांगितलंय. मुबशिरा टीव्हीवरच्या मालिकांसाठी माणसं निवडते. ते काम करणाऱ्याला कास्टिंग डायरेक्टर म्हणतात. कोल्हापुरात तिला ‘सिरेलीत घालणारी बाई’ म्हणतात.

जिल्ह्यात मालिकांचं शूटिंग वाढलं तसा घरटी एक कलाकार निघाला. महाद्वार रोडच्या एका बोळात तिचं छोटं ऑफिस आहे, तिथं सकाळपासून माणसं जिन्यावर बसलेली असतात. कागलहून एक गृहस्थ पोराला घेऊन आले. पोरगा गोरा, उंच, दंड भरलेले. मुबशिरानं त्याला चार ओळी बोलायला लावल्या आणि बापाला सांगितलं, की पोरगं देखणं आहे पण समोरच्याशी बोलतच नाही, स्वतःलाच ऐकत बसतं, आधी वर्षभर कुठल्या तरी दुकानात गिऱ्हाईकांपुढं उभं करा. बाप तणतणत जिना उतरला. अशी माणसं पेठेत तिची बदनामी करतात आणि पुढच्या वर्षी पोराला घेऊन परत येतात. गोड बोलणं नदाफांच्या घरात कुणालाच जमलेलं नाही, आणि मुबशिराला तर ते शिकायचंही नव्हतं.

तिचे वडील दिलदार टेलर. मंगळवार पेठेत त्यांचं दुकान होतं. वर्षभर शर्ट-पँटी आणि गणपती जवळ आले की मंडळांच्या सजीव देखाव्यांचे पोशाख. सजीव देखावा म्हणजे गणपतीपुढच्या मंचावर पेठेतल्याच माणसांनी केलेलं छोटं नाटक. संवाद आधीच कुणा चांगल्या गळ्याच्या माणसांकडून ध्वनिमुद्रित करून घेतात. ते स्पीकरवर वाजतात आणि मंचावरची माणसं त्यावर ओठ हलवतात, तलवारी उपसतात, रडतात. रस्त्यावरच्या गोंगाटात साधा आवाज कुणाला ऐकू जाणार, म्हणून ही सोय. मुबशिरा टेप घेऊन या सगळ्यांची मापं घ्यायची. माप घेताना कोण ताठतं, कोण लाजतं, कोण आरशात बघतं, हे तिला तेव्हापासून दिसू लागलं.

ती कॉलेजात असताना मंडळानं एका किल्लेदाराचा देखावा धरला. अध्यक्ष सयाजी यांनी किल्लेदार म्हणून आपल्या पुतण्याला, सम्राटला, उभं करायचं ठरवलं. सम्राट तालमीतला गडी, दिसायला उमदा, पण तलवार उपसली की मित्र कुठं उभे आहेत ते बघायचा. मुबशिराच्या डोळ्यांपुढं किल्लेदार म्हणून गुंडू होता. गुंडू मंडळाच्या खुर्च्या लावायचा, किरकोळ अंगाचा, पण एकदा उभा राहिला की त्याच्याकडं बघत राहावं असा. तिनं अध्यक्षांना सांगून पाहिलं. अध्यक्ष म्हणाले, पोरी, तू माप घे. तिनं घेतलं. किल्लेदाराचा अंगरखा गुंडूच्या मापानं शिवला. आरास खुली व्हायच्या दिवशी सम्राटनं हात घातला आणि काखेत टर्रकन आवाज झाला. दुसरा शिवायला वेळ नव्हता. अब्बांनी मुलीकडं बघितलं, मुलीनं अब्बांकडं बघितलं नाही. गुंडू किल्लेदार झाला आणि माणसं मांडवापुढून हलेनात. सयाजींनी पुढची दोन वर्षं दिलदार टेलरना काम दिलं नाही. अब्बा घरात एवढंच म्हणाले, की शिलाई गेली खरी, पण अंगरखा बसला होता झकास.

पुढं मालिकावाले कोल्हापुरात आले तेव्हा त्यांना गर्दी लागायची. लग्नातली माणसं, बाजारातली माणसं, मयताला आलेली माणसं. ती पुरवणारा ठेकेदार एकच टेम्पो भरून आणायचा, त्यामुळे सोमवारी ज्यांनी खांदा दिला तेच बुधवारी वरातीत नाचताना दिसायचे. मुबशिरानं कामाला सुरुवात केली ती या ठेकेदाराशी भांडून. तिची म्हातारी खरी म्हातारी असायची आणि तिचा वाणी खरंच सुटे पैसे देताना खळखळ करायचा. नातेवाईक म्हणाले, बाईमाणसानं गावभर फिरून लोकांची तोंडं बघायची, हे काय काम झालं? सासरच्यांनी महिनाभर अबोला धरला. तिनं दोघांनाही एकच उत्तर दिलं, की ज्याला लाज वाटते त्यानं टीव्ही बंद ठेवावा. नवरा आरिफ याचं स्पेअर पार्टचं दुकान आहे. तो मात्र संध्याकाळी दुकान बंद करून तिच्या ऑफिसात येऊन बसू लागला आणि ऑडिशनला आलेल्यांपुढं समोरच्या पात्राचे संवाद वाचू लागला. बाप, प्रेयसी, पोलीस, सगळे एकाच सुरात, गॅसच्या गाडीची वाट बघत बसल्यासारखे. तरी त्याच्याइतका हक्काचा माणूस तिला दुसरा मिळाला नाही.

अशी बरीच वर्षं गेली. मग गडमुडशिंगीजवळच्या एका बागायतदाराच्या घरात नव्या मालिकेचं शूटिंग सुरू होणार होतं. दोन मुलगे, दोन सुना आणि सगळं घर मुठीत ठेवणारी सासू तानाबाई. तानाबाईचं काम मुंबईची एक नावाजलेली नटी करणार होती. ऐनवेळी तिच्या तारखा जुळेनात. चॅनेलच्या वतीनं सगळं बघणाऱ्या प्रियदर्शनी मॅडमनी मुबशिराला फोन केला, की आठवड्यात कुणीतरी हवं, आणि यावेळी तुमचे ते रस्त्यावरची माणसं उभी करायचे वेडेवाकडे प्रयोग नकोत. मुबशिरानं त्याच दिवशी झुंबरबाईचं नाव सांगितलं.

झुंबरबाई मूळची कोडोलीची, साठी ओलांडलेली. गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर म्हशी आणून उभ्या करायची आणि गिऱ्हाईकाच्या समोर धार काढून पेला हातात द्यायची. दर गणपतीत पेठेच्या देखाव्यात आई व्हायची. लेकाला रणात धाडणारी, लेकाला शाप देणारी, लेकाच्या प्रेतावर पडणारी, अशा किती आया तिनं केल्या असतील. मुबशिराच्या मोबाईलमध्ये मागच्या वर्षीच्या देखाव्याची चित्रफीत होती. दिग्दर्शक यशराज पुण्याचा तरुण मुलगा, त्यानं ती बघितली आणि म्हणाला, हीच. प्रियदर्शनी मॅडमनी पण बघितली. त्यांना आवाज विशेष आवडला.

इथं मुबशिराची चूक झाली. देखाव्यात आवाज स्पीकरचा असतो हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण इतकी वर्षं तिनं झुंबरबाईचं तोंड आणि तो आवाज एकत्र बघितला होता, की दोन्ही एकाच बाईचे आहेत असं तिच्या मनानं कधीच धरून टाकलं होतं. दूध प्यायला ती कट्ट्यावर जायची तेव्हा झुंबरबाई फारशी बोलायची नाही. मुबशिरानं ऑडिशनसुद्धा घेतली नाही. मावशी, चला, म्हणाली आणि गाडीत घालून नेलं.

पहिला प्रसंग सुनेनं वाटणी मागण्याचा होता. यशराजनं ॲक्शन म्हटलं. झुंबरबाईनं सुनेकडं बघितलं आणि घराच्या चौकातली कुजबुज थांबली. भुवई चढली, हनुवटी वर गेली, ओठ हलले, बोट दाराकडं गेलं, डोळ्यांत पाणी भरलं. सगळं झालं, फक्त आवाज आला नाही. ती नुसते ओठ हलवत होती आणि कुठून तरी स्पीकर लागेल म्हणून थांबत होती. आधी साउंडवाल्यानं माइक तपासला. मग कुणीतरी फिसकन हसलं आणि सगळेच हसले. झुंबरबाईला आपलं काय चुकलं ते कळेना. तिनं मुबशिराला विचारलं, “टेप लावली न्हाई व्हय अजून?”

प्रियदर्शनी मॅडम हसल्या नाहीत. बाजूला घेऊन म्हणाल्या, की उद्या दुसरी बाई आणा, नाहीतर आम्ही मुंबईहून आणतो. मुबशिराच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. चूक तिची होती आणि ती तिनं तिथंच कबूल केली. पण दुसरी बाई आणायला ती तयार नव्हती. दोन दिवस द्या, म्हणाली, माणूस मी आणलंय, आवाजपण मीच आणते.

परतीच्या वाटेवर गाडीत झुंबरबाईनंच सगळं सांगितलं. पहिल्या वर्षी मंडळानं तिचाही आवाज भरून बघितला होता. म्हशींना हाका मारून आणि कट्ट्यावर ओरडून तो आवाज पार रापलेला, मधेच फाटणारा. अध्यक्ष सयाजी म्हणाले होते, बाईचं तोंड ठेवा, आवाज दुसरीचा घ्या. तेव्हापासून एका निवृत्त मास्तरणीचा गोड आवाज तिच्या तोंडाला लावत आले.

“मला बोलायचं कुणी सांगितलंच न्हाई की,” ती म्हणाली. “ऱ्हायलो मग तशीच.”

मुबशिराला एवढा राग आला, की तिनं गाडी कडेला घेतली. राग मंडळाचा होता, मास्तरणीच्या गोड गळ्याचा होता आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. माणसं ओळखते म्हणून मिरवणाऱ्या बाईनं इतक्या वर्षांत या बाईचा आवाज कधी ऐकलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात तालीम सुरू झाली. झुंबरबाईला ओळी पाठ होत्या, चेहरा तयार होता, पण आवाज निघाला की मास्तरणीसारखा लाडिक निघायचा आणि दोन शब्दांत विझायचा. मुबशिरानं समजावलं, चिडली, चहा पाजला. संध्याकाळी आरिफ आला आणि सवयीनं सुनेची ओळ वाचू लागला. ‘आत्याबाई, आमची वाटणी आम्हाला द्या.’ पाचव्या-सहाव्या वेळी झुंबरबाईनं हातातला कागद टेबलावर आपटला.

“आवो पावणं, वाटणी मागाय आलाय का मयताचा सांगावा घिऊन? घरात फूट पडाय लागलीया आन् तुमी जांभया देताय?” आणि त्याच झटक्यात पुढं, “वाटणी पायजे न्हवं? मग बस आधी खाली. हुब्यानं मागितल्यालं ह्या घरात कुणाला गावलं न्हाई.”

आरिफ खरोखर खुर्चीत बसला. तो आवाज जाडाभरडा होता, मधेच फाटला होता आणि त्या फाटलेल्या जागी अख्खं घर उभं होतं. लेखकाची ओळ पुस्तकी होती, तिनं ती आपल्या तोंडानं बोलून टाकली होती. मुबशिरानं उठून खिडकी लावली, रस्त्यावरचा आवाज आत येऊ नये म्हणून, आणि म्हणाली, मावशी, परत.

सेटवर तो प्रसंग एका दमात झाला. परवा हसलेले आज भिंतीला टेकून उभे होते. यशराज कट म्हणायचं विसरला. तीन भाग त्याच जोरावर चित्रित झाले आणि मुंबईला गेले. मग प्रियदर्शनी मॅडमनी मुबशिराला हॉटेलवर बोलावलं. अभिनय वरच्यांना फार आवडला, म्हणाल्या. आवाज मात्र कानाला लागतो. भाषा फार रांगडी आहे, बाकीच्या महाराष्ट्राला जड जाईल. तेव्हा पुण्यातल्या एका कलाकार बाईंचा आवाज त्याच्यावर घालू, झुंबरबाईंना मोबदला पूर्ण मिळेल, तुम्हाला पण.

मुबशिराला हसू आलं. मुंबईला एवढी मोठी इमारत, एवढी शिकलेली माणसं, आणि सगळी फिरून सयाजींच्या मंडळात येऊन उभी राहिली होती.

“मॅडम, मी आवाजासकट माणूस देते,” ती म्हणाली. “बाई नको असली तर काढा. तुमची मालिका हाय. पण तोंड ठिवून आवाज काढायचा न्हाई. तसं करायचं असंल तर माझं नाव काढा, आणि पुढच्या कामाला मला फोन करू नका.”

मॅडमनी शांतपणे विचारलं, की हे तुम्ही ठरवणार की झुंबरबाई? प्रश्न रास्त होता आणि मुबशिराला तो लागला. आपल्या रागापायी एका म्हातारीच्या पोटावर पाय द्यायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? ती तडक कट्ट्यावर गेली. सगळं सांगितलं, चॅनेलची बाजू जास्त चांगली करून सांगितली. आवाज दुसरीचा लावला तरी काम तुमचंच राहील, म्हणाली. मनातून तिला भीती होती, की मावशी हो म्हणेल, आणि हो म्हणाली तर आपल्याला तोंड शिवून घ्यावं लागेल.

झुंबरबाईनं म्हशीच्या पाठीवर हात ठेवला.

“इतकी वर्सं दुसरीच्या आवाजात रडलो,” ती म्हणाली. “तवा म्हाईत न्हवतं. आता म्हाईत झालंय. आता न्हाई जमायचं, बाळ.”

मुबशिरानं तिथूनच फोन लावला आणि दोन वाक्यांत नकार कळवला. दुसऱ्या दिवशी दोघी बाहेर. पेठेत बातमी फिरायला किती वेळ लागतो? ज्यांची पोरं तिनं नाकारली होती ते सगळे एका दिवसात चॅनेलच्या बाजूचे झाले. बाईच्या डोक्यात हवा गेली म्हणाले. आरिफ दुकानातून फोन करून विचारत राहिला, जेवलीस का? ऑफिसचा जिना पहिल्यांदाच रिकामा पडला. ती तरीही रोज ऑफिस उघडून बसली. कुलूप बघायचं सुख तिला पेठेला द्यायचं नव्हतं.

तिकडं प्रियदर्शनी मॅडमनी स्वतःच तानाबाई शोधायची ठरवली. एक मंगल कार्यालय घेतलं आणि गावात सांगून ठेवलं. कोल्हापूर लोटलं. बायकांनी मुबशिराला फोन करून विचारलं, जाऊ का? ती म्हणाली, जावा की, काम मिळालं तर सोडू नका. त्या गेल्या. नथी घालून गेल्या, भाड्याची नऊवारी नेसून गेल्या, आणि घरात ज्यांच्या एका हाकेनं गल्ली दचकते त्या बायका कॅमेऱ्यापुढं टीव्हीतल्या सासवांसारख्या नाजूक, शुद्ध, वळणदार बोलू लागल्या. एकीमागून एक तोच आवाज. यशराज कोपऱ्यात डोकं धरून बसला होता. मॅडमनी दोन दिवस नेटानं ऐकलं. तिसऱ्या दिवशी एक बाई ओळी छान म्हणून बाहेर गेली आणि दाराशी तिच्या सुनेवर तिच्या खऱ्या आवाजात अशी कडाडली, की मॅडम खुर्चीतून उठून दारापर्यंत आल्या. त्यांनी तिला आत बोलावून तसंच बोलायला सांगितलं. बाई लाजून चूर झाली. घरातलं बोलणं कुठं टीव्हीवर बोलतात व्हय, म्हणाली.

संध्याकाळी मॅडमचा फोन आला. त्या दमलेल्या होत्या. तुम्ही हे रोज कसं करता, असं त्यांनी विचारलं, मग म्हणाल्या, झुंबरबाईंना घेऊन या.

“आवाजासकट?” मुबशिरानं विचारलं.

“आवाजासकट.”

मुबशिरानं आभार मानले नाहीत. येतो म्हणाली आणि फोन ठेवला. मग मात्र रिकाम्या ऑफिसात एकटीच जोरात हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांना पाणी आलं.

मालिका सुरू व्हायची संध्याकाळ. सासर, माहेर, बोळातले सगळे तिला आपापल्या घरी बोलावत होते. ती कट्ट्यावर गेली, कारण ती वेळ धारांची होती आणि झुंबरबाई मालिकेसाठी म्हशी खोळंबून ठेवणार नव्हती. समोरच्या दुकानदारानं टीव्ही रस्त्याकडं तोंड करून ठेवला होता. गिऱ्हाईकं पेले हातात घेऊन तिकडं वळली होती. झुंबरबाई पाठमोरी बसून धार काढत होती. मला न्हाई बघवायचं, म्हणत होती.

नावं सरसर वर गेली. मुबशिराचंही गेलं, ते तिच्याशिवाय कुणी वाचलं नाही. आणि स्पीकरमधून तो आवाज आला, जाडाभरडा, फाटका, गंगावेशीचा. पेठेतली एक म्हातारी म्हणाली, अगं बया, ही तर आपली झुंबरी बोलाय लागली.

त्याच वेळी म्हशीनं कान टवकारले. पान्हा थांबला. तिनं मान वळवून दुकानाकडं बघितलं आणि दावं ताणून त्या दिशेनं एक पाऊल टाकलं, रोज हाक आल्यावर टाकते तसं. बादली कलंडली. झुंबरबाई उठली, म्हशीच्या कासऱ्याला हात घालून उभी राहिली आणि पहिल्यांदाच तिनं दुकानाकडं तोंड केलं.

“हितं हाय की गं मी,” ती म्हशीला म्हणाली. “ती पण मीच हाय.”